साखर न घालता घरी गोड करायचंय? आधी हिशोब, मग गॅस

केक फुगला नाही आणि वरून पांढराफटक राहिला, श्रीखंडात दाताखाली कचकच आली, बेसनाचे लाडू खाल्ल्यावर घशाशी कडवटपणा राहिला. साखरेऐवजी दुसरं काही वापरणाऱ्यांच्या या तीन तक्रारी नेहमीच्या. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं, रेसिपीत जितके कप साखर तितके कप दुसरं काहीतरी ओतलेलं असतं आणि साखर त्या पदार्थात गोडीशिवाय अजून काय काय करत होती हे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय. क्रम मोडू नका, विशेषतः पहिले तीन टप्पे, कारण त्यात गॅस पेटवायचाच नाहीये.

टप्पा १: आधी पदार्थ ठरवा

साखर गोड करते हे झालंच. पण ती पदार्थाला वजन देते, पाणी धरून ठेवते म्हणून केक मऊ राहतो, भाजताना तांबूस रंग आणते, पाक झाला की तार देते आणि मुरांबा वर्षभर टिकवते. साखरेऐवजी मिळणाऱ्या वस्तूंपैकी एकही ही सगळी कामं एकटी करत नाही, त्यामुळे तुमच्या पदार्थात साखरेकडे किती कामं आहेत ते आधी बघा.

फक्त गोडीचं काम असेल तर सोपं: खीर, बासुंदी, चहा-कॉफी, लस्सी, फळांचं कस्टर्ड. सुरुवात इथूनच करा. गोडीबरोबर वजनाचंही काम असेल तर मध्यम: श्रीखंड, बेसनाचे लाडू, केक, नानकटाई. हे जमतात पण रेसिपी बदलावी लागते.

आणि जिथे पाक आहे तिथे सरळ नाही म्हणा. चिक्की, पाकातले रव्याचे लाडू, जिलबी, पाकातले चिरोटे. साखरेऐवजी सर्रास वापरली जाणारी एरिथ्रिटॉल ही गोड पूड आहे ना, तिची एकतारी होतच नाही, कितीही उकळा. साध्या खोलीतल्या तापमानाला १०० मिली पाण्यात साखर साधारण २०० ग्रॅम विरघळते, एरिथ्रिटॉल जेमतेम ६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरम असताना छान दिसणारा पाक गार झाला की त्याचे खडे होऊन तळाशी बसतात आणि गुलाबजाम कोरडे राहतात. मुरांबा-साखरांब्याचंही तेच, तो टिकतो साखरेने पाणी बांधून ठेवल्यामुळे. दुसरं काही घालून केलात तर आठवड्याभरापुरता करा आणि फ्रिजमध्येच ठेवा, बरणीत भरून फडताळात ठेवलात तर बुरशी येणार.

टप्पा २: पाकीट उलटं करा आणि मागचं वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'स्टीव्हिया' किंवा 'मंक फ्रूट' (वनस्पतींपासून काढलेले गोड अर्क) लिहिलेलं असतं, आणि मागे बारीक अक्षरात ९९ टक्के एरिथ्रिटॉल निघतं. यात वाईट काही नाही पण आपण नक्की काय वापरतोय ते माहीत पाहिजे ना, नाहीतर माप चुकतं. नाव सापडलं नाही तर आयएनएस नंबर (पाकिटावर घटकांच्या यादीत छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) शोधा:

- ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल. गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, कॅलरी जवळपास नाहीतच, तोंडात गारवा जाणवतो.
- ९६० म्हणजे स्टीव्हियाचा अर्क. शुद्ध असेल तर साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, जास्त झाला की कडू.
- ९५५ म्हणजे सुक्रॅलोज. सुमारे ६०० पट गोड, म्हणून पुडीत बहुतेक भाग फिलरच, म्हणजे वजन भरायला घातलेली दुसरी पूड असते.
- ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम. उष्णतेने गोडी जाते, त्यामुळे भाजायच्या किंवा उकळायच्या पदार्थात घालू नका. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांनी अजिबात नाही.
- ९६५ म्हणजे माल्टिटॉल. चव साखरेच्या सगळ्यात जवळ, पण रक्तातली साखर याने वाढते (साखरेपेक्षा कमी, पण वाढते) आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं. बाजारातल्या 'शुगर फ्री' मिठाईत आणि चॉकलेटात हे बऱ्याचदा असतं.
- ९६७ म्हणजे झायलिटॉल. घरात कुत्रा असेल तर हे घरात आणूच नका. कुत्र्यांना थोडंसंही जीवघेणं ठरतं.

यादीत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या नंबरावर दिसलं तर समजायचं की पुडीत बहुतेक तेच आहे. चहाला एक पुडी ठीक, केकला वीस पुड्या ओतल्या तर ते पोटात जाऊन ग्लुकोजच होणार.

इशारा. गूळ, मध, खजूर, नारळाची साखर हे डायबेटिसवाल्यांसाठी साखरेला पर्याय नाहीत. गुळात बहुतेक साखरच असते, मधात सुमारे ८० टक्के साखरा असतात, खजुरातही दोन तृतीयांशच्या आसपास. खजुराचं सारण भरलेले मोदक चवीला उत्तम लागतात, करा जरूर, पण आजोबांना 'यात साखर नाही, चार खा' असं सांगून वाढू नका. हे फार घरांत होतं आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण वाढणारी माणसं प्रेमाने वाढत असतात. (मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला कशातूनही द्यायचा नाही, ते वेगळंच.)

टप्पा ३: घरचं मिश्रण करून ठेवा

नुसतं एरिथ्रिटॉल घातलं तर गोडी कमी पडते म्हणून माणसं अजून ओततात आणि मग गारवा आणि कचकच दोन्ही वाढतं, नुसतं स्टीव्हिया घातलं तर कडू. दोन्ही एकत्र केली की एकमेकांचे दोष झाकतात. प्रमाण असं:

एरिथ्रिटॉल ३०० ग्रॅम, शुद्ध स्टीव्हिया अर्क अर्धा ग्रॅम. ३०० ग्रॅम एरिथ्रिटॉलची गोडी साधारण १९५ ग्रॅम साखरेइतकी, अर्ध्या ग्रॅम स्टीव्हियाची १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून ३०० ग्रॅम साखरेइतकं झालं. आता साखरेच्या वजनाइतकंच हे मिश्रण मोजायचं.

१. स्टीव्हिया ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावरच मोजा. किचनच्या नेहमीच्या काट्यावर अर्धा ग्रॅम कळत नाही आणि 'चिमूटभर' हे माप इथे चालत नाही, कारण माझी चिमूट आणि तुमची चिमूट यात अख्ख्या केकची चव बदलते. असा काटा ऑनलाइन मिळतो. एरिथ्रिटॉलही ऑनलाइन किंवा मोठ्या सुपरमार्केटात मिळतं, बेकिंगचं बाकीचं सामान लागलं तर पुण्याच्या रविवार पेठेत एक फेरी मारा.

२. मिक्सरचं भांडं एकदम कोरडं हवं. आधी चार चमचे एरिथ्रिटॉल आणि सगळं स्टीव्हिया फिरवा, मग उरलेलं एरिथ्रिटॉल घालून पिठी साखरेइतकं बारीक करा.

३. झाकण लगेच उघडू नका, पाच मिनिटं थांबा. पूड हवेत उडते आणि नाकात गेली की ठसका लागतो.

४. मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेले कण परत फिरवा.

तपासणी. दोन वाट्यांमध्ये १००-१०० मिली कोमट पाणी घ्या, एकात ५ ग्रॅम साखर, दुसऱ्यात ५ ग्रॅम मिश्रण. चाखून बघा. मिश्रण कडवट लागलं तर थोडं एरिथ्रिटॉल वाढवा. स्टीव्हियाचा कडवटपणा सगळ्यांना सारखा जाणवत नाही, म्हणून घरातल्या दोघा-तिघांना चाखायला द्या, एकट्याच्या जिभेवर जाऊ नका.

डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून चिकटवा. ही नुसती टापटीप म्हणून सांगत नाहीये. घरात इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या गोळ्या घेणारं माणूस असेल आणि त्याची शुगर एकदम खाली आली, घाम सुटला, हात थरथरायला लागले, तर अशा वेळी खरी साखर किंवा ग्लुकोजच द्यावी लागते. या मिश्रणाने शुगर वर येत नाही आणि घाईत दिसायला दोन्ही डबे सारखेच. म्हणून साखरेचा डबा घरातून हद्दपार करू नका, आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असू दे.

टप्पा ४: सोप्यापासून सुरुवात, म्हणजे दुधाचे पदार्थ

खीर-बासुंदीला फक्त एवढंच: दूध आटवून झालं की गॅस बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग मिश्रण घाला. साखर घातल्यावर बासुंदी जरा पातळ होते म्हणून आपण ती जास्त आटवतो, इथे ते होत नाही, तेव्हा नेहमीपेक्षा थोडी आधीच उतरवा नाहीतर गार झाल्यावर रबडी होईल. गोडी आपल्या सवयीच्या निम्म्यापासून सुरू करा, वेलची-केशर नेहमीपेक्षा थोडं जास्त.

आणि दुधात स्वतःची साखर असते हे विसरू नका. एक लिटर दुधात ४५ ते ५० ग्रॅम लॅक्टोज असतं, ते आटवलं तरी तेवढंच राहतं, फक्त वाटी लहान होते. तेव्हा डायबेटिस असलेल्याला बासुंदी अर्धी वाटीच.

टप्पा ५: श्रीखंड

पाडवा आला की हा प्रश्न हमखास येतो म्हणून जरा सविस्तर. अर्धा किलो चक्क्याला आपण एरवी ४०० ग्रॅमपर्यंत साखर घालतो. ती काढली तर दोन गोष्टी होतात: चक्क्याचा आंबटपणा उघडा पडतो, आणि श्रीखंड ९०० ग्रॅमऐवजी जेमतेम ६००-६५० ग्रॅम होतं. दुसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही आणि पाहुण्यांना कमी पडतं. आठ जणांना पुरणारा चक्का पाच जणांनाच पुरेल असं धरा.

१. चक्का ताजा आणि कमीत कमी आंबट हवा. घरी टांगणार असाल तर ओट्यावर नको, एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पारा ४० च्या घरात जातो आणि दही टांगल्या टांगल्या आंबतं. चाळणीत फडकं घालून, खाली पातेलं ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये.

२. चक्का एकटाच पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. एरवी साखर घालून मग काढतो, इथे आधी चक्का मऊ करून घ्यायचा.

३. १०० ग्रॅम मिश्रण वरून चाळून घाला आणि हलक्या हाताने मिसळा. याहून जास्त नको, फ्रिजमध्ये गेल्यावर परत खडे होतात. गोडी अजून हवी असेल तर ती सुक्रॅलोजच्या पुड्यांनी वाढवा, पाकिटावर एक पुडी किती साखरेइतकी ते लिहिलेलं असतं, त्यावरून साधारण १०० ग्रॅम साखरेइतक्या. हा हिशोब पुड्या टाकायच्या आधी करा.

४. आता ते घट्ट वाटेल. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेऊन श्रीखंड सैल करते, ते इथे तितकं होत नाही. दोन-तीन चमचे गार दूध किंवा साय घाला, त्यातच केशर भिजवलेलं असेल तर उत्तम. जायफळ आणि मिठाचे चार कण घाला, मिठाने कडवट बाजू दबते.

५. अर्धा तास थांबा, चाखा. फ्रिजमध्ये दोन तास ठेवा, परत चाखा.

तपासणी. शेवटचा चमचा-दोन चमचे गोडी नेहमी गार झाल्यावरच वाढवायची. कोमट असताना आणि गार असताना चव वेगळी लागते आणि एकदा घातलेलं काढता येत नाही.

टप्पा ६: केक

पहिला केक कोकोचा करा. व्हॅनिला केकमध्ये रंग नाही आला तो दिसतो, कडवटपणा कळतो, गारवाही कळतो. कोको हे सगळं पोटात घेतो.

७ इंची टिनसाठी साहित्य: कणीक १२० ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, मीठ चिमूटभर, वरचं मिश्रण १२० ग्रॅम, दही १८० ग्रॅम, दोन अंडी, तेल किंवा पातळ केलेलं लोणी ८० मिली, कोमट दूध लागेल तसं ५०-६० मिली, व्हॅनिला. अंडी नको असतील तर दही अजून ८० ग्रॅम वाढवा, केक थोडा दाट होईल पण होतो.

बदामाची पूड आणि जास्तीचं दही का, तर साखर जे पाणी धरून ठेवायची ते काम आता यांनी करायचंय. ही दोन्ही गाळून 'फक्त साखर बदलली' असं केलंत की कोरडा भुगा होतो.

१. सगळं साहित्य फ्रिजबाहेर काढून खोलीतल्या तापमानाला येऊ द्या. गार दह्यात एरिथ्रिटॉल विरघळत नाही.

२. ओव्हन १६५ अंशांवर तापायला लावा, टिनला कागद लावा. हे आत्ताच, पीठ भिजवल्यावर नाही.

३. दही, अंडी, तेल, व्हॅनिला आणि मिश्रण एकत्र फेटा, तीन-चार मिनिटं. लोणी आणि साखर फेसायची नेहमीची पद्धत इथे विसरा, एरिथ्रिटॉलने लोण्यात तशी हवा धरली जात नाही.

तपासणी. थेंबभर दोन बोटांत चोळून बघा. कण लागले तर भांडं कोमट पाण्यावर धरून अजून फेटा. कण राहिले तर ते केकमध्येही राहणार.

४. कोरडं साहित्य दोनदा चाळून घाला, कणीक दिसेनाशी होईपर्यंतच मिसळा. दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. बदामाची पूड पाणी ओढते, तेव्हा दोन मिनिटांनी परत बघा आणि हवं तर चमचाभर दूध घाला.

५. लगेच ओव्हनमध्ये. सोडा दह्याला लागला की काम सुरू होतं, टिन ओट्यावर ठेवून फोन घेत बसू नका.

६. पंचवीस मिनिटांनी बघायला सुरुवात करा. साखर कमी असली की केक लवकर सेट होतो, त्यामुळे नेहमीची ४० मिनिटं ठेवलात तर वाळतो. रंगाची वाट बघू नका, तो यायचाच नाही. मधोमध सुरी घालून स्वच्छ येते का, बोटाने दाबल्यावर वर येतो का आणि कडा सुटल्यात का, या तीनच खुणा. ३० ते ३५ मिनिटांत बहुतेक होतो.

७. टिनमध्ये पंधरा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार. गरम गरम कापला तर तुकडे पडतात आणि चव कडवट लागते, तीच संध्याकाळी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेला केक घट्ट आणि किंचित रवाळ लागतो, तो बिघडलेला नसतो, एरिथ्रिटॉल परत जमलेलं असतं. तुकडा मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद ठेवा. बाहेर एकच दिवस टिकतो आणि पावसाळ्यात तेवढाही भरवसा नाही, उरलेला फ्रिजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवा.

सुक्रॅलोज केकमध्ये चालतं का हे सारखं विचारलं जातं. मी घालत नाही. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं होतं की १२० अंशांच्या वर तापवल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त नको ती संयुगं तयार होऊ शकतात, आणि ओव्हन त्याच्या बराच वर असतो. श्रीखंडात, चहात वापरा ना, तिथे प्रश्न नाही.

पाव करत असाल तर अजून एक: यीस्टला एरिथ्रिटॉल किंवा स्टीव्हिया खाता येत नाही. चमचाभर खरी साखर घाला, यीस्ट ती खाऊन टाकतं.

टप्पा ७: बेसनाचे लाडू

बेसन २५० ग्रॅम, तूप १०० ते ११० ग्रॅम, बदामाची भाजलेली पूड ५० ग्रॅम, मिश्रण १०० ग्रॅम. तूप मुद्दाम कमी आहे. एरवी २०० ग्रॅम पिठी साखर ते तूप शोषून घेते, इथे ती नाही, म्हणून नेहमीइतकं तूप घातलंत तर लाडू बसतात, आणि मग वरून अजून मिश्रण घातलं जातं आणि चव जाते. बेसन मंद आचेवर खमंग भाजा, इथे घाई केली तर झाकायला साखर नाही, कच्चा वास थेट येणार. भाजलेलं बेसन पूर्ण कोमट झालं की बदाम पूड, मिश्रण, भरपूर वेलची. मळून झाकून तासभर ठेवा आणि मग वळा. लाडवात गारवा केकपेक्षा जास्त जाणवतो कारण पूड कोरडी असते आणि जिभेवर विरघळते, जायफळ आणि वेलचीने तो बराच झाकला जातो.

वाढण्याआधी

केकमध्ये कणीक आहे, लाडवात बेसन आहे, श्रीखंडात थोडं लॅक्टोज. साखर काढली म्हणून पदार्थ हवा तितका खायला मोकळा झाला नाही. डायबेटिस असेल तर पहिल्यांदा खाताना एकच छोटा तुकडा घ्या आणि खाण्याआधी व दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा, त्यावरून तुम्हाला किती चालतं ते ठरेल. या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून कमी-जास्त करायचं नाही.

वजन कमी करायला म्हणून रोज हे वापरत असाल तर, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी साखरेऐवजी स्टीव्हिया, सुक्रॅलोज, ॲस्पार्टेमसारखी गोडी वापरू नका असाच सल्ला दिलाय. आधीपासून डायबेटिस असलेल्यांना तो लागू नाही. त्याच वर्षी रक्तातलं एरिथ्रिटॉल जास्त असणं आणि हृदयविकार-स्ट्रोक यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यासही आला, त्यातून एरिथ्रिटॉलमुळेच होतं असं सिद्ध झालं नाही, पण घरात हृदयरोगी असेल तर डॉक्टरांना विचारून मगच वापरा. आणि पोट नाजूक असेल तर पहिल्या दिवशी एकच लाडू. या प्रकारच्या पदार्थांनी गॅस होतो, जुलाब होतात, लहान मुलांना तर लवकर, म्हणून वाढदिवसाला अख्ख्या सोसायटीच्या पोरांसाठी हा केक करू नका, त्यांना साधा साखरेचा करा आणि घरातल्या ज्यांना लागतो त्यांच्यासाठी हा छोटा टिन वेगळा लावा.